बटणांच्या डब्यातलं घड्याळ

ईरी, पेनसिल्व्हेनिया
४ ऑगस्ट २०१८

दाजी,

मागच्या पत्रात तुम्ही मला आंधळा म्हणालात, ते मी मनावर घेतलेलं नाही. भिंग लावल्याशिवाय तुम्हाला स्वतःचा अंगठा दिसत नाही, हे माझ्या बहिणीने, आयरीनने, मला लग्नानंतर आठवडाभरातच सांगितलं होतं.

मंगळवारी म्हाताऱ्यांना सूट असते म्हणून दानात आलेल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात गेलो. गल्ल्यामागच्या काचेच्या कपाटापाशी आता नवी बाई बसते. बॅटरीवर चालणाऱ्या प्लास्टिकच्या घड्याळाला तिने बारा डॉलर लावलेत आणि १९४८ सालच्या चावीच्या घड्याळाला दोन. का, तर ते बंद आहे. मी मान डोलावली. जुनी घड्याळं जमवायच्या आपल्या छंदात तोंड बंद ठेवणं ही अर्धी विद्या, हे तुमच्याकडूनच शिकलो. घड्याळ सोबत पाठवतोय. चावी दिली की चार मिनिटं चालतं आणि रुसतं. चाळीस वर्षं घड्याळदुरुस्तीचं दुकान चालवलंत, आता याचा रुसवा काढा.

लिलावाचे फोटो पुढच्या खेपेला. देशभरातली दानाची दुकानं बरा माल निवडून संगणकावर लिलावाला लावतात खरी, पण फोटो काढायला कुणाला बसवतात देव जाणे. पट्ट्याचे तीन फोटो आणि तबकडीचा एकही नाही.

आता दुसरं. कर्टिसचा फोन आला होता. टेसा आठ वर्षांची झाली. आजोबा आहेत तर भेटत का नाहीत, असं विचारते म्हणे. दाजी, सहा वर्षं झाली. आयरीन जाऊनही पाच झाली. घड्याळ गेलं ते गेलं. पोराला घरात घ्या.

वेंडेल


मॅन्सफील्ड, ओहायो
११ ऑगस्ट

वेंडेल,

घड्याळ रुसलेलं नव्हतं, कुणीतरी त्यात शिवणयंत्राचं तेल ओतलं होतं. आता चालतंय. दोन डॉलरही जास्तच दिलेस. काटे नंतर कुणीतरी बदललेत, हे तुझ्यासारख्या शाळेची बस चालवणाऱ्याला दिसणार नाही, म्हणून सांगतो.

कर्टिसबद्दल लिहिलंस, बरं केलंस. मीही विचार करतच होतो. माझ्या बापाचं घड्याळ, एकवीस खड्यांचं, रेल्वेत एकतीस वर्षं त्याच्या खिशात राहिलेलं. ते माझ्या टेबलावरून गेलं तेव्हा घरात चार माणसं होती. मी, आजारी आयरीन, तू, आणि नुकतीच नोकरी गेलेला माझा मुलगा. तू घेतलं नाहीस. उरलं कोण?

तरी मी दार उघडायला तयार आहे. अट एकच. त्याने स्वतःच्या हाताने लिहून द्यावं, 'घड्याळ मी चोरलं आणि विकलं', खाली सही आणि तारीख. मग नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला बायको-पोरीला घेऊन जेवायला यावं. घरही शेवटी त्याच्याच नावावर करीन.

तू मामा आहेस. तुझं ऐकेल. समजाव.

ॲल्डन


ईरी
२० ऑगस्ट

प्रिय कर्टिस,

तुझ्या बापाची अट सोबतच्या कागदावर उतरवून पाठवतोय. वाचून भिंतीवर डोकं आपटू नकोस, भिंत भाड्याची आहे.

बाळा, सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असला तो माणूस. एकोणऐंशी वर्षांचा झालाय. त्याला जिंकू दे. दोन ओळी लिही, सही कर आणि मोकळा हो. शेवटी कागदच आहे तो. उद्या तो गेला की शेगडीत टाक. टेसाला आजोबा मिळतील, तुला आईच्या खोलीत बसता येईल. तू केलंस की नाही केलंस, हे आता कोण विचारतंय?

तुझा मामा


फोर्ट वेन, इंडियाना
२ सप्टेंबर

मामा,

'केलंस की नाही, कोण विचारतंय' हे वाक्य मी तीनदा वाचलं. तू तरी विचारायचंस.

मी घेतलं नव्हतं. सहा वर्षांत हे मी तुला चौथ्यांदा सांगतोय. घड्याळ गेलं त्या वर्षीच्या हिवाळ्यात मी तुझ्याकडे तीन रात्री राहिलो होतो. आठवतं? रोज सकाळी तू माझ्या आधी उठायचास आणि तुझ्या घड्याळांचे खण हळूच उघडून बघायचास. मी जागा असायचो. मी काही बोललो नाही, कारण जायला दुसरी जागा नव्हती.

आठवडाभर मी आणि बायको भांडलो. ती म्हणते, असल्या कागदावर सही केलीस तर मी तुझं तोंड बघणार नाही. पण टेसाने आजोबांसाठी चित्र काढून ठेवलंय. चित्रातल्या आजोबांच्या दोन्ही हातांत मनगटापासून कोपरापर्यंत घड्याळं आहेत. मी तिला सांगितलंय, तुझे आजोबा अमेरिकेतलं कुठलंही घड्याळ दुरुस्त करू शकतात. ते खरंही आहे.

म्हणून लिहीन. मला घर नको. आईच्या थडग्यावर मुलीला नेता यावं आणि परतताना आजोबांकडे जेवता यावं, एवढंच हवंय. कागद या आठवड्यात टपालात टाकतोय.

कर्टिस


ईरी
१५ सप्टेंबर

दाजी,

पोराने कागद पाठवला, हे कळलं असेलच. आता तुम्ही तुमचा शब्द पाळा.

लिलावाचे नऊ फोटो छापून पाठवतोय. नेहमीसारखं लाल पेन्सिलीने खूण करा, कशावर बोली लावू आणि कुठवर. तिसऱ्या फोटोतलं सोनेरी घड्याळ मला खोटं वाटतंय. पाचव्याची तबकडी नवी रंगवलेली दिसते, पण माझ्या डोळ्यांवर तुमचा विश्वास कुठे?

सातवा फोटो घड्याळांचा नाहीच. ॲक्रनच्या दुकानाने 'बटणं, डब्यासकट, तपासलेली नाहीत' म्हणून लावलाय. पण डबा बघा. निळ्या पवनचक्कीचा बिस्किटांचा डबा, झाकणाला कोपऱ्यात पोचा. तो पोचा मी सात वर्षांचा असताना जिन्यावरून पाडून आणला होता आणि मार आयरीनने खाल्ला होता. हा तिचाच डबा. तुम्ही दान केलात का? विचारलं असतंत तर मी येऊन घेऊन गेलो असतो. बटणं उजव्या बाजूला उंच झालीत आणि खाली काहीतरी गोल चमकतंय, बक्कल असावं.

वेंडेल


मॅन्सफील्ड
१९ सप्टेंबर

वेंडेल,

एक, दोन, चार आणि नऊ कचरा. तीन खोटंच आहे. पाच सोडून दे. सहावर चाळीसपर्यंत जा. आठ घे, काही झालं तरी घे.

सातला हात लावू नकोस. उन्हाळ्यात आयरीनची शिवणाची खोली रिकामी केली, त्यातला डबा आहे. असले डबे घरोघरी असतात. बटणांना बोली लावणारा म्हातारा म्हणून लोक तुला हसतील. मी सांगतोय म्हणून ऐक. टपालखर्चच मालापेक्षा जास्त होईल.

उत्तर लगेच पाठव. सातवर बोली लावली नाहीस ना, एवढं कळव.

ॲल्डन


ईरी
१३ ऑक्टोबर

दाजी,

उत्तर लगेच पाठवलं नाही, कारण डबा यायची वाट बघत होतो. आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही मला 'उत्तर लगेच पाठव' असं लिहिलंत. नाहीतर माझ्या उत्तराची घाई तुम्हाला कधीच नसते.

शेवटच्या मिनिटाला माझ्याखेरीज एकच बोली होती, कुणी गोधडी शिवणारी बाई असेल. एकोणीस डॉलरला मिळाला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून ओतला. बटणांखाली तुमच्या वडिलांचं घड्याळ होतं.

काखेत कळसा नि गावाला वळसा, असं म्हणून मी हसलोच पहिल्यांदा. शेवटच्या वर्षी आयरीनला काही सुधरत नव्हतं. चष्मा पिठाच्या डब्यात ठेवायची, माझी पत्रं फ्रीजमध्ये. घड्याळही तिनेच कुठे तरी नीट जपून ठेवलं असणार, हे त्याच दिवशी आपल्या दोघांच्या लक्षात यायला हवं होतं. मी तुम्हाला फोन करायला उठलो. आनंदाने, दाजी. म्हणणार होतो, कर्टिस सुटला.

मग चावी दिली. सहा वर्षं बटणांत पडलेलं घड्याळ, आणि दोन फेऱ्यांत चालू लागलं. दिवसभरात अर्धा मिनिटही मागे पडलं नाही. म्हणून मागचं झाकण फिरवून उघडलं.

दुरुस्ती करणारा प्रत्येक जण झाकणाच्या आतून सुईने आपली खूण आणि महिना कोरतो, हे मी तुमच्याच दुकानात बसून पाहिलंय. तुमची खूण त्रिकोणातला इंग्रजी ए. तुमच्या बापाच्या घड्याळात ती अकरा वेळा आहे. दहावी मार्च २०१२ ची, घड्याळ जायच्या आधीची. अकरावी जुलै २०१८ ची.

म्हणजे या जुलैत ते तुम्हाला सापडलं. तुम्ही ते उघडलं, साफ केलं, तेल दिलं, चाळीस वर्षांच्या सवयीने खूण कोरली, परत बटणांत पुरलं आणि ॲक्रनपर्यंत गाडी चालवत जाऊन दान केलं. आणि ऑगस्टमध्ये पोराकडून चोरीची कबुली मागितलीत.

ती मिळवून द्यायला तुम्ही मला लावलंत, आणि मी दिली.

काय ते सांगा. नाहीतर हे पत्र आणि घड्याळ फोर्ट वेनला जाईल.

वेंडेल


मॅन्सफील्ड
२० ऑक्टोबर

वेंडेल,

तुला खूण वाचता येते हे मी विसरलो होतो. चूक माझी.

तू लिहिलंस ते बरोबर आहे. जुलैच्या नऊ तारखेला मिळालं. पहिल्यांदा वाटलं, हातोडीखाली घालावं. ऐरणीवर ठेवलंही. पण चालू शकणारं घड्याळ फोडायला माझा हात उचलला नाही. मळकट तसंच देऊन टाकणंही जमलं नाही. वाटलं, कुणी म्हातारी बटणांसाठी नेईल, तिच्या घरात टिकटिकेल. दुकानवाले प्रत्येक डबा लिलावाला लावतात, हे मला कुठे ठाऊक?

आता तू म्हणशील, तेव्हाच मुलाला फोन का केला नाहीस. सहा वर्षं सगळ्या गावाला मी सांगत आलोय की माझा मुलगा चोर आहे. चर्चमध्ये सांगितलं, त्याच्या सासऱ्याला सांगितलं, आयरीन शेवटच्या दिवशी त्याचं नाव घेत होती तर तिलाही सांगितलं. आता जाऊन म्हणू की मीच मूर्ख? त्याने लिहून दिलं असतं तर निदान एका कागदावर तरी मी बरोबर असतो. आणि त्याने दिलं.

पण तुझ्या पत्राने झोप उडवली. मी सांगतो त्याला. थँक्सगिव्हिंगला सगळे जेवायला बसले की त्याच्या बायको-मुलीसमोर मी स्वतः सांगेन. हे बापाच्या तोंडून आलं पाहिजे, तुझ्या पाकिटातून नव्हे. तोवर तू तोंड बंद ठेव. एवढं मागतो.

आणि घड्याळ तूच ठेव. पस्तीस वर्षं तुझा त्यावर डोळा आहे, मला माहीत आहे. मी मेल्यावर तुलाच द्यायचं, असं आयरीनही म्हणायची. आताच घे.

ॲल्डन


ईरी
२७ ऑक्टोबर

दाजी,

ठीक आहे. बाप-लेकात तिसऱ्याने पडू नये म्हणतात. थँक्सगिव्हिंगच्या गुरुवारपर्यंत गप्प बसतो, एक दिवसही जास्त नाही. कंबरेच्या शस्त्रक्रियेमुळे मला प्रवास बंद आहे, नाहीतर समोरच येऊन बसलो असतो.

घड्याळ उशाशी ठेवलंय. लाच म्हणून नाही. सांभाळायला.

वेंडेल


मॅन्सफील्ड
२४ नोव्हेंबर

वेंडेल,

तू वाट बघत असशील म्हणून लगेच लिहितो.

मी सांगणार होतो. खरंच सांगणार होतो. शब्दसुद्धा जुळवून ठेवले होते. पण तो दारात उभा राहिला, हातात भोपळ्याचा केक घेऊन, आणि माझ्याकडे बघून हसला. मला माफ करून आल्यासारखा हसला. मनात म्हटलं, मला माफ करणारा हा कोण?

पोरीने चित्र दिलं. चांगलं काढते. मी भिंतीला लावलं.

सगळे बसले. प्रार्थना झाली. मी टर्की कापायला सुरी उचलली आणि परत खाली ठेवली. खिशातून त्याचा कागद काढला, त्याच्यापुढे सरकवला आणि म्हटलं, "तुझ्या तोंडून एकदा ऐकू दे, मग जेवू." त्याची बायको उठायला लागली. त्याने तिचा हात धरून तिला बसवलं. मग उभा राहिला आणि वाचलं. 'घड्याळ मी चोरलं आणि विकलं.' आवाज कापला नाही, हे मान्य करतो. पोरगी आधी त्याच्याकडे बघत होती, मग माझ्याकडे. मी तिला मांडीचा तुकडा वाढला.

जेवणं नीट झाली. जाताना त्याने माझ्याशी हातही मिळवला.

तू त्याला सांगणार असशील तर सांग. तुझ्याकडे एक ओरखडा आहे, माझ्याकडे त्याच्या सहीचा कागद. आणि त्याला हेही सांग की ऑक्टोबरपासून तुला सगळं माहीत होतं. घड्याळ तुझ्या उशाशी होतं आणि तू गप्प बसायचं कबूल केलं होतंस. माझ्या एकट्याच्या गळ्यात हे बांधता येणार नाही, मेव्हण्या.

आठ नंबरचं घड्याळ मिळालं का? त्याबद्दल काहीच लिहिलं नाहीस.

ॲल्डन


फोर्ट वेन
९ डिसेंबर

मामा,

तुझं पार्सल सोमवारी मिळालं. घड्याळ, बाबांची पत्रं, तुझ्या पत्राची नक्कल, सगळं. झाकण उघडून खूण पाहिली. माझी बायको ओट्यापाशी उभी राहून सगळी पत्रं वाचत होती. तिचा बाप सहा वर्षं मला एकट्याला गाडीची किल्ली देत नव्हता. पत्रं वाचून झाल्यावर तिने त्याला फोन लावला आणि बाहेर गेली.

बाबांचा मला राग आला नाही, याचं मलाच नवल वाटलं. त्यांच्याकडून मी कशाचीच अपेक्षा ठेवली नव्हती. तुझ्याकडून ठेवली होती. तेरा ऑक्टोबरला तुला कळलं. पुढचे चाळीस दिवस रोज संध्याकाळी तू त्या घड्याळाला चावी दिलीस, हे तूच पार्सलमधल्या चिठ्ठीत लिहिलंयस. मधल्या काळात दोनदा आपण फोनवर बोललो. दुसऱ्यांदा मी विचारलं होतं, जेवायला जाताना कुठला शर्ट घालू. तू म्हणालास, निळा घाल.

माफी मागू नकोस. मी रागावण्याच्या पलीकडे गेलोय आणि माझ्यापुढे दुसरंच काम येऊन पडलंय.

त्या जेवणाहून घरी आल्यावर दोन दिवसांनी टेसाच्या खोलीत गेलो तर तिचा पैसे साठवायचा डुकराच्या आकाराचा गल्ला जागेवर नव्हता. तिने तो तिच्या आईच्या कपाटात, स्वेटरांच्या मागे ठेवलाय. त्यानंतर मी खोलीत शिरलो की ती माझ्या हातांकडे बघते. चेहऱ्याकडे नाही. हातांकडे.

म्हणून पार्सल आल्याबरोबर मला वाटलं, सुटलो. तिला मांडीवर घेतलं, घड्याळ दाखवलं, भिंगातून खूण दाखवली, जुलै म्हणजे कितवा महिना हे तिच्याकडूनच मोजून घेतलं. आजीला विसरायला कसं व्हायचं ते सांगितलं. सांगितलं की मी काही चोरलं नव्हतं. आजोबांना बरं वाटावं आणि आपल्याला त्यांच्या घरी जाता यावं, म्हणून मी तो कागद खोटा लिहिला होता.

तिने सगळं नीट ऐकून घेतलं. ती हुशार आहे, मामा, मध्ये बोलत नाही. घड्याळ कानाला लावून थोडा वेळ ऐकत बसली. मग मांडीवरून उतरली, ते टेबलावर माझ्यापासून लांब ठेवलं आणि विचारलं,

"मग बाबा, तू खोटं तेव्हा बोललास की आता बोलतोयस?"

आज सहा दिवस झाले. ती वाट बघतेय. तुला काही उत्तर सुचलं तर कळव.

कर्टिस